पुढच्या बाजारी देतो

बेल्ह्याचा सोमवार, सावंतवाडीचा मंगळवार, कुडाळचा बुधवार, घोडेगावचा शुक्रवार, काष्टीचा शनिवार, सांगोल्याचा रविवार. गुरुवारची जागा मोकळी ठेवली आहे, ज्याने त्याने आपल्या तालुक्यातलं नाव तिथे घालावं. खेड्यात वाढलेल्या कुणालाही विचारा, गावच्या यात्रेची तारीख सांगायला तो कॅलेंडर उलगडेल, पण आठवडे बाजाराचा वार सांगायला त्याला विचार करावा लागत नाही. “परवा बाजार” एवढं म्हटलं की आज कोणता वार हे समोरच्याला कळलेलं असतं.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली, तीही बहुतेक ग्रामीण शाखांमध्ये. बदलीचं पत्र आलं की तिथल्या जुन्या माणसाला फोन करून दोन गोष्टी विचारायच्या: राहायला खोली मिळेल का आणि बाजार कधी असतो. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण बाजाराच्या दिवशी रजा मागायची नाही हा न लिहिलेला नियम होता. त्या दिवशी शटर वर जायच्या आधीच पायरीवर माणसं बसलेली असायची. दुधाचा पगार जमा झाला का बघायला आलेले, निराधार योजनेचे पैसे काढायला आलेल्या म्हाताऱ्या, पीककर्जाच्या चौकशीला आलेले, आणि काहीच काम नसलेले पण पंख्याखाली टेकायला आलेले. एरवी पाच-सात किलोमीटर तुडवत बँकेत कोण येतो? बाजाराला यायचंच असतं, त्यात बँक उरकते. तलाठी, पंचायत समिती, दवाखाना, चष्म्याचं दुकान, सगळ्यांच्या दारात त्या दिवशी गर्दी असते ती याच हिशेबाने.

दुपारी तीन-साडेतीननंतर धार उलटी व्हायची. सकाळी पैसे काढणारे गेलेले असायचे आणि आता भरणारे यायचे. चुरगळलेल्या, घामाने ओल्या, हळदीने पिवळ्या झालेल्या दहा-वीसच्या नोटा. मिरचीवाल्याचा भरणा असला की आमचा रोखपाल मोजता मोजता शिंकायचा आणि मिरचीवाला काचेपलीकडून हसायचा. एकदा सेलोटेप लावलेली पन्नासची नोट सकाळी एका शेतकऱ्याने कुरकुर करत घेतली. संध्याकाळी ती कापडवाल्याच्या गड्डीतून परत आली. मधल्या सहा तासांत ती किती हातांतून गेली असेल याचा आम्ही चहा पिता पिता अंदाज बांधत बसलो. शेतकऱ्याने मजुराला हप्ता दिला असेल, मजुराच्या बायकोने तेलवाल्याला, तेलवाल्याने पोरीच्या परकराचे म्हणून कापडवाल्याला. पन्नास रुपयांची नोट, पण तिने दिवसभरात दोन-अडीचशेचं काम केलं असणार.

आठवड्यातून एकदाच का, याचं गणित अगदी रोकडं आहे. पाचशे उंबऱ्यांच्या गावात कासाराने बांगड्यांचं दुकान रोज उघडलं तर तो उपाशी मरेल. पण तोच कासार सोमवारी एका गावात, मंगळवारी दुसऱ्या, असं करत सहा गावं फिरला तर त्याला सहा गावांचं गिऱ्हाईक मिळतं आणि प्रत्येक गावाला आठवड्यातून एक दिवस बांगड्यांचं दुकान मिळतं. भूगोलाचे अभ्यासक हेच जरा जड भाषेत सांगतात: धंदा तगायला किमान जेवढं गिऱ्हाईक लागतं, तेवढं चालत येण्याच्या टापूत राहत नसेल तर व्यापारी फिरता होतो. हे जगभर झालंय. जावा बेटावर पाच दिवसांचं बाजारचक्र आहे, नायजेरियातल्या इग्बो लोकांचं चार दिवसांचं, आणि प्राचीन रोममध्ये दर आठव्या दिवशी बाजार भरायचा. तेराव्या शतकातल्या ब्रॅक्टन या इंग्लिश न्यायपंडिताच्या नावावर असलेल्या ग्रंथात तर दोन बाजारांमधलं अंतरही ठरवून दिलंय, पावणेसात मैलांच्या आसपास. माणूस दिवसाला वीस मैल चालतो असं धरायचं आणि त्याचे तीन भाग करायचे: एक जायला, एक बाजार करायला, एक दिवेलागणीच्या आत परत यायला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बैलगाड्या सोडलेलं माळरान दिसलं. आपल्याकडे हा हिशेब कुणी लिहून ठेवला नसेल, बैलांच्या पायांनी तो केला.

शेजारच्या दोन गावांचे बाजार सहसा एका वारी येत नाहीत, हेही गमतीचं आहे. त्यासाठी कुणी साहेब नेमलेला नाही. पूर्वी नवी पेठ वसवायची तर सरकारातून कौल मिळायचा, व्यापाऱ्यांना काही वर्षं जकातीची सूट असायची आणि पेठेची व्यवस्था शेटे-महाजनांकडे असायची. पुण्यात सोमवारपासून रविवारपर्यंत सातही पेठा आहेत; कोल्हापूर, सातारा, सोलापूर इथेही वारांच्या पेठा आहेत. आज त्यांत राहणाऱ्याला मंगळवार पेठेत मंगळवारी काय असायचं याचं सोयरसुतक नसतं, आणि असायचं कारणही नाही. शहर झालं की रोजच बाजार. आपल्याकडे या विषयाकडे गंभीरपणे बघणारे थोडेच. इरावती कर्वे आणि हेमलता आचार्य यांनी आदिवासी, ग्रामीण आणि शहरी अशा तिन्ही ठिकाणच्या आठवडे बाजारांचा अभ्यास केला, तो १९७० मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. त्यानंतर या विषयाला मिळायला हवं होतं तेवढं लक्ष मिळालं नाही असं माझं मत आहे. कांद्याचा भाव पडला की बातमी होते, पण ज्या पटांगणात निम्मं खेडं आपला आठवडा उभा करतं ते कुणाला दिसत नाही.

बाजारावर लिहिणारे रंग, गर्दी आणि जिलेबी यांत अडकतात. मीही अडकतो. तरी बँकेच्या खुर्चीतून मला जे दिसत राहिलं ते निराळं होतं. बाजारात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य कुठलं असेल तर “पुढच्या बाजारी देतो.” आणि हा अख्खा व्यवहार उभा आहे तो पुढचा बाजार नक्की भरणार या एकाच खात्रीवर.

आमच्याकडे कर्ज हवं तर सातबारा, आठ-अ, इतर सोसायट्यांचे बेबाकी दाखले आणि दोन जामीनदार लागायचे. तिकडे मिरचीवाला नुसत्या तोंडओळखीवर दोन किलो बेडगी पिशवीत ओतून मोकळा. त्याच्याकडे वही असते किंवा नसतेही. तरी त्याची वसुली आमच्या शाखेपेक्षा चांगली असणार अशी मला दाट शंका आहे. कारण उघड आहे. घेणाऱ्याला पुढच्या आठवड्यात याच रांगेतून जायचंय. पैसे न देता वळसा घालून गेला तर लसूणवाली बघते, तेलवाला बघतो, आणि त्याच्या गावचे दहा जण बघतात. मुदतही अशी नेमकी की विसरायला कमी आणि जुळवाजुळव करायला पुरेशी. पुन्हा मजुरांचा आठवड्याचा हप्ता बाजाराच्या आदल्या संध्याकाळी किंवा त्या सकाळी हातात पडायचा, म्हणजे देणं आणि येणं एकाच वाराला बांधलेलं. सहामाही हप्ते पाडणाऱ्या आम्हाला हे सुचलं नव्हतं.

मापात पाप करण्याचंही तसंच. काटा मारणारे बाजारात असतातच, कुणी नाही म्हणू नये. पण काटा मारतो तो बहुधा एखाद-दुसऱ्या वेळेला येणारा. ठरल्या जागेवर वर्षानुवर्षं गोणपाट टाकणाऱ्याला ते परवडत नाही. “त्याचा काटा चोख आहे” हे प्रमाणपत्र कुठल्या खात्याकडून मिळत नाही, पण गावात ते पोचलेलं असतं.

भाजीच्या रांगेत मात्र काटाच नसतो, तिथे वाटे असतात. वाटा लावताना एखाद्या मावशीकडे जरा थांबून बघावं. वांगी आधी गोणपाटावर ओतली जातात. मग हाताने तीन ढीग, मोठी एकीकडे, मधली एकीकडे, किडकी वाटणारी मागे पदराआड. प्रत्येक वाट्यात खाली दोन बारकी, वर दोन तजेलदार, आणि सगळ्यात वर देठ हिरवागार असलेलं एक, समोर येणाऱ्याकडे तोंड करून. मधूनच ती डब्यातलं पाणी चुळकाभर घेऊन कोथिंबिरीवर शिंपडते. दहा वाजता वाटा पंचवीसला असतो, एकला वीस, चार वाजता “ने गं दोन मिळून वीसला, परत कुठं डोक्यावर घेऊन जाऊ.” भाव ठरतो तो उन्हाप्रमाणे. आपल्यासारखा शहाणा माणूस चार वाजता जातो आणि स्वस्तात मिळालं म्हणून खूश होतो. गावातली बाई दहालाच जाते, कारण चारची वांगी तिला रात्री चिरायची नसतात.

याच मावशीचं दुसरं रूप दुपारी दिसतं. वाटे संपले की ती गोणपाट झटकते, पाटी शेजारणीपाशी ठेवते आणि गिऱ्हाईक होऊन बाजारात शिरते. तेल, चहापत्ती, साखर, कपड्याचा साबण, मिशरी, नातवाला गुडदाणी. सकाळी जिने मेथीच्या जुडीमागे रुपया सोडला नाही, तीच आता साबणवाल्याशी रुपयासाठी भांडते आणि दोन्ही वेळा तिचंच बरोबर असतं. इथे विकणारा आणि घेणारा असे दोन वर्ग नाहीत, दिवसाच्या दोन वेळा आहेत. दुकान टाकायला पागडी लागते, बाजार समितीत गाळा लागतो, आडत्या लागतो. आठवडे बाजारात परड्यातल्या चार जुड्या मेथी आणि डझनभर गावठी अंडी घेऊन बसलेली बाईसुद्धा व्यापारी असते. एवढ्या कमी भांडवलात कुणाला आत घेणारी दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

सावंतवाडीला असताना मार्चमध्ये ओले काजूगर यायचे. ते वजनावर नाही, शेकड्यावर विकतात. मी देशावरचा, मला दर ऐकून धक्का बसला आणि मी घासाघीस करायला लागलो. विकणाऱ्या काकीने काही न बोलता दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. काजूच्या चिकाने बोटांची कातडी काळी पडून सोललेली. “ह्ये हात बघा, आणि मगे दर करा.” दर मग केला नाही.

जनावरांचा बाजार हे वेगळंच प्रकरण आहे. त्याची व्यवस्था बहुधा बाजार समितीकडे असते, गेटवर पावती असते, दाखले असतात, पण आतला कायदा जुनाच. सांगोल्याला खिलार बैल, बेल्ह्याला बैलजोड्या, घोडेगावला म्हशी. आधी दात बघायचे: अदंत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. मग खांदा, खूर, चालीत पाय ओढतो का, पाठीवर हात टाकल्यावर दचकतो का. म्हैस असेल तर कास आणि सड, आणि शक्य असेल तर समोर धार. एवढं झालं की दलाल पुढे होतो, खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकतो आणि त्याखाली बोटांनी बोलणं सुरू होतं. दोन बोटं दाबली की दोन, पाची दाबली की पाच. ते शेकड्यांत की हजारांत हे जनावर बघून दोघांना माहीत असतं. भोवती पंधरा माणसं वाकून उभी असतात आणि कुणाला आकडा कळत नाही. चेहरे मात्र फार काही सांगतात. एकाने हात झटकून काढून घेतला की सगळे समजतात, अजून जुळलं नाही. दलाल तोच हात ओढून पुन्हा टॉवेलाखाली नेतो.

ही गुप्तता लबाडीसाठी आहे असं शहरातल्या माणसाला वाटतं. थोडीफार असेलही, दलाल काही संत नसतो. पण अडचणीत बैल विकायला आलेल्या माणसाचा फायदाही तिच्यात आहे. त्याने किती कमी घेतले हे गावाला कळत नाही.

आणि इथेही पुढचा बाजार आहेच. “खात्रीचा आहे, जुंपून बघा. मारका निघाला, बसका निघाला, तर पुढच्या बाजारी आणून बांधा.” इसार दिला जातो, बाकी आठ दिवसांनी. बैल गेला तरी काही भागांत विकणारा दावं देत नाही, सोडून घेतो आणि खांद्यावर टाकून निघतो. घेणारा आपलं दावं घरून आणतो.

सण आले की बाजार फुगतो. मराठवाडा-विदर्भात पोळ्याआधीचा, कोल्हापूर-सांगलीकडे बेंदराआधीचा बाजार बघावा: झुली, घुंगुरमाळा, गोंडे, कासरे, वेसणी, म्होरक्या, शिंगांना लावायचा हिंगूळ आणि बेगड. संक्रांतीआधी सुगडी, बोरं, हरभऱ्याचे घाटे. उन्हाळ्यात वर्षाची मिरची आणि लोणच्याच्या कैऱ्या, आणि पावसाच्या तोंडावर घोंगडी, ताडपत्र्या, घिसाड्याकडून धार लावून घेतलेली खुरपी. पंचांगाशिवाय कुठला महिना आहे ते ओळखायचं असेल तर बाजारातून एक फेरी पुरे.

सातपुड्यात, नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागात, होळीच्या आदल्या आठवड्यातले बाजार भोंगऱ्या म्हणून भरतात. होळीच्या पूजेचं सामान घ्यायचं, डाळ्या, खजूर, हारकंगण. ढोल घेऊन यायचं, आणि वर्षभर हंगामी कामाला बाहेर गेलेल्यांनी गावातल्यांना भेटायचं. दरवर्षी या सुमाराला वर्तमानपत्रांत आणि आता मोबाइलवर “जोडीदार पळवून नेण्याचा बाजार” अशा चुरचुरीत बातम्या येतात. आदिवासी संघटनांनी याला कितीतरी वेळा हरकत घेतलीय. पोरं-पोरी भेटतात हे खरं, पण ती सांगलीच्या कुठल्याही बाजारातही भेटतात. सोयरिकींची बोलणी तर सगळ्याच बाजारांत चालतात. मुलाकडच्यांनी मुलगी आधी बाजारातच लांबून बघून ठेवायची हा प्रकार माझ्या आईच्या पिढीपर्यंत सर्रास होता. इकडे ती रीत आणि तिकडे त्याची बातमी, एवढाच काय तो फरक.

एवढं सगळं लिहिल्यावर बाजार म्हणजे गोकुळ असं कुणाला वाटायला नको. बाजारात कोण कुठे बसतं याला जातीचा वास होता आणि कितीतरी ठिकाणी अजून आहे. केरसुण्या आणि दोर विकणारे, चपला शिवणारे, बुरुडाच्या टोपल्या, यांची जागा बहुधा कडेला, उन्हात. कापडवाला आणि किराणावाला मधोमध, पालाखाली. कुणी लिहून दिलेलं नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या ही हद्द हललेली नाही.

आणि मुतारी. लिहायला संकोच वाटायचं काही कारण नाही, कारण बाजाराबद्दलची माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा, त्यातल्या कलम १२४ प्रमाणे पंचायतीला बाजारावर फी बसवता येते. बहुतेक ठिकाणी वसुलीचा लिलाव होतो, ठेका घेणाऱ्याची पोरं पावतीपुस्तक घेऊन रांगेने फिरतात आणि सकाळी अजून बोहनी न झालेल्या बाईकडूनही दहा-वीस रुपये फाडतात. मी नोकरी केलेल्या एका गावी लिलावाचा आकडा दरवर्षी वाढत गेला, तो आमच्याच शाखेत जमा व्हायचा म्हणून मला माहीत. त्या पटांगणात बायकांसाठी आडोसा म्हणून पत्र्याचा तुकडाही नव्हता. पहाटे पाचला घर सोडून आलेल्या बायका संध्याकाळपर्यंत पाणी पीत नसत. चहा दिला तर “नको” म्हणत. मी सुरुवातीला तो नकार भिडस्तपणा समजायचो. ग्रामसभेत विषय काढला तेव्हा “आठवड्यातून एक दिवस तर प्रश्न आहे” असं उत्तर मिळालं.

२०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशभरातल्या २२ हजार ग्रामीण हाटांना सुधारून ग्रामीण कृषी बाजार करण्याची घोषणा झाली होती. ओटे, शेड, इलेक्ट्रॉनिक जोडणी. मला इलेक्ट्रॉनिक जोडणीचं वावडं नाही, आयुष्यभर तेच केलं. पण क्रम लावायचा असेल तर आधी पाणी, सावली आणि दार लागणारी मुतारी.

बाजार बदलतोय, आणि मॉलमुळे बदलतोय असं मला वाटत नाही. मॉल तालुक्याला आलाच नाही. बदल भाजीच्या रांगेत झालाय. पिकअप येते, पाठीमागे क्रेट, त्यांत शहरातल्या मार्केट यार्डातून रात्री उचललेली फ्लॉवर, सिमला मिरची, टोमॅटो. त्यातला टोमॅटो याच तालुक्यातल्या रानातून आदल्या दिवशी यार्डात गेलेला असतो. दोनदा टोल भरून, हमाली-तोलाई-आडत भरून तो आपल्याच गावात विकायला परत येतो. लाउडस्पीकरवर रेकॉर्ड केलेला आवाज लावून तीन तासांत गाडी रिकामी करणाऱ्या या पोरांना मी दोष देत नाही, पोट त्यांनाही आहे. पण पुढच्या आठवड्यात ते इथेच येतील याचा नेम नाही, आणि म्हणून त्यांच्याकडे उधारी नाही, घासाघीस नाही, वर चिमूटभर कोथिंबीर टाकणं नाही. परड्यातल्या मेथीवाल्या बायका या गाड्यांच्या मधल्या फटींत बसतात. जनावरांच्या बाजाराला तर एकामागून एक दणके बसले. ट्रॅक्टर आधीच आला होता. २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदी बैलांपर्यंत आली तेव्हा म्हाताऱ्या बैलाचं गिऱ्हाईकच गेलं. कायद्याबद्दल ज्याची त्याची मतं असतील, पण म्हातारा बैल विकून त्यात भर घालून खोंड घ्यायचा ही शेतकऱ्याची रीत मोडली. मग सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी या जनावरांच्या त्वचारोगाच्या साथीमुळे जनावरांचे बाजारच बंद ठेवावे लागले.

८ नोव्हेंबर २०१६ ला, नोटबंदी जाहीर झाली त्या दिवशी, मंगळवार होता. त्यानंतरचा पहिला बाजार मी विसरणार नाही. बँकेपुढे रस्त्यापर्यंत रांग आणि पलीकडे पटांगणात माल भरपूर, गिऱ्हाईक भरपूर, चलन नाही. आमच्याकडून गुलाबी दोन हजाराची नोट घेऊन गेलेला माणूस वांग्याच्या वाट्यापुढे उभा राहून करणार काय? मला वाटलं, दुपारपर्यंत बाजार उठेल. उठला नाही. पातळ झाला, विव्हळला, पण चालला. मेथीवालीने तेलवाल्याला मेथी दिली, तेलवाल्याने तिला तेल दिलं, हिशेब पुढच्या बाजारी. नव्या आलेल्या परप्रांतीय ब्लँकेटवाल्याकडून कुणी काही घेऊ शकलं नाही. ज्यांची एकमेकांशी पाच-दहा वर्षांची ओळख होती त्यांनी नोटांवाचून दोन-तीन आठवडे काढले. आमचं खातं बंद पडलं होतं, त्यांचं चालू होतं. २०२० च्या मार्चमध्ये मात्र कोरोनामुळे आदेशाने बाजारच बंद झाले, म्हणजे पुढचा बाजार कधी हेच कुणाला माहीत नव्हतं, आणि तेव्हा ही ओळखही उपयोगी पडली नाही. जुनी उधारी ज्याची त्याच्याकडे अडकली. भोपळे बांधावर सडले.

आता प्रत्येक पालाला क्यूआर कोड लटकलेला असतो आणि “अमुक रुपये प्राप्त झाले” असं सांगणारा डबा. निवृत्त झालो तरी सवय म्हणून मी बघत असतो, कोण कसे पैसे घेतं. कापडवाला, चपलावाला, भेळवाला खुशाल मोबाइलवर घेतात. भाजीच्या रांगेत मात्र एक गोष्ट ध्यानात आली. कोड असतो, पाटीला दोरीने बांधलेला, पण मावशी तो स्वतःहून पुढे करत नाही. मागितला तर जरा नाखुशीने उलटा करून दाखवते. वयामुळे असेल, मोबाइल कळत नसेल, असं मी धरून चाललो होतो. एकीला विचारलंच. मोबाइल तिला चांगला कळत होता, त्यावर ती सकाळीच हवामान बघून आली होती.

“ते पोराच्या खात्यावर जातंय दादा,” ती म्हणाली. “सुट्टे असतील तर बघा.”